फ्रेस्नो स्क्रेपरचं चालतं मॉडेल, पाचास एक मापात – कामाच्या नोंदी

२८ सप्टेंबर २०२४, शनिवार

आज ठरवून टाकलं. फ्रेस्नो स्क्रेपरचं, म्हणजे माती काढायच्या घोड्यांनी ओढायच्या जुन्या अवजाराचं मॉडेल करायचं, पाचास एक मापात, आणि ते चाललं पाहिजे, म्हणजे माती खणली पाहिजे, पोटात भरून घेतली पाहिजे, ओढत नेली पाहिजे आणि पाहिजे तिथं पातळ थरात पसरली पाहिजे. नुसतं रंग मारून कपाटात ठेवायचं असतं तर दोन रविवारात झालं असतं.

शेडमध्ये ट्रॅक्टरची अवजारं करतोय त्याला बावीस वर्षं झाली. पलटी नांगर, सरी रेझर, लेव्हलिंगचं ब्लेड, सगळं ट्रॅक्टरच्या मागं हायड्रॉलिकवर चालणारं. लिव्हर ओढला की उचललं, सोडला की टेकलं. पण ज्या काळात इंजिन शेतात पोचलंच नव्हतं तेव्हा मैलोन् मैल कालवे कशाने काढले, भराव कशाने घातले, हे डोक्यात बसलं होतं आणि वाचत वाचत मी कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावापर्यंत पोचलो.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाच फूट रुंद लोखंडी सूप डोळ्यासमोर आणा, पुढच्या काठाला पातं, दोन्ही बाजूला पत्र्याची अडणी, मागं माणसापेक्षा लांब एक दांडा, आणि पुढं चार घोडी नाहीतर चार खेचरं. चाक एकही नाही. हे जेम्स पोर्टियसचं डिझाइन, पेटंट १८८३ चं. माणूस मूळचा स्कॉटलंडमधल्या हॅडिंग्टनचा, १८७३ ला अमेरिकेत आला, १८७७ ला फ्रेस्नोत येऊन गाड्या बनवायचं आणि दुरुस्तीचं दुकान टाकलं. तिथल्या सॅन वाकीन खोऱ्यात पाऊस अगदी कमी, माती रेताड, पाणी सगळं सिएरा नेवाडाच्या डोंगरातून येणाऱ्या नद्यांचं. म्हणजे कालवा काढल्याशिवाय आणि रान सपाट केल्याशिवाय तिथं पीकच नाही. रोज दुकानात येणाऱ्या शेतकऱ्याची अडचण त्याच्यासमोर उभी होती.

पाच फुटाचं माप घेतोय. पाचास एक केलं की पातं बरोबर एक फूट येतं, हिशोब सोपा. पोटात सुमारे १८ घनफूट माती बसायची, आपल्या भाषेत साडेपाच खेपांना एक ब्रास (शंभर घनफूट). मॉडेलला लांबी, रुंदी, उंची तिन्ही पाचाने कमी, म्हणून सव्वाशेने भागायचं, म्हणजे चार लिटर.

६ ऑक्टोबर, रविवार

आज गावाकडे गेलो आणि गोठ्याच्या मागं पडलेली जुनी केणी बाहेर काढली. एक कड पूर्ण गंजून गेलीय, पण मापं घेता आली. आबा (वय ७९) खुर्ची टाकून समोर बसले आणि मी टेप लावत असताना सांगत होते, ओढ्याकाठचं खालचं वावर सगळं या केणीनं एका पातळीत आणलंय, तीन उन्हाळे लागले. "केणी मी धरायचो, बैलं तुझा आजा हाकायचा. संध्याकाळी भाकरी मोडायला बोटं वळायची नाहीत."

केणी म्हणजे अमेरिकेत ज्याला स्लिप स्क्रेपर म्हणायचे त्याची सख्खी बहीण. तिकडं दोन घोडी, इकडं दोन बैल. मागं दोन मुठी, त्या जरा उचलल्या की तोंड मातीत घुसतं, भरलं की दाबून धरायचं आणि ओढत न्यायचं, टाकायच्या जागी मुठी वर झोकून द्यायच्या की पालथी. आधी नांगर मारून जमीन मोकळी करायची हेही दोन्हीकडे सारखं. एरी कालव्याचं काम १८१७ ला न्यूयॉर्क राज्यात सुरू झालं तेव्हाच हातगाडी-फावड्याऐवजी नांगर आणि ओढायचा स्क्रेपर ही जोडी कामाला लागली होती.

फ्रेस्नोच्या भागात पोर्टियसच्या आधी बक स्क्रेपर चालायचा. ती म्हणजे उभी फळी, घोड्यांनी ओढायची आणि माती पुढं ढकलत न्यायची. यात तोटा काय होतो हे आज कागदावर मांडून बघितलं. माती मातीवरून घासत जाते, ते घर्षण लोखंड मातीवरून सरकण्यापेक्षा बऱ्यापैकी जास्त, वर दोन्ही बाजूंनी सांडत जाते, पन्नास फूट जाईपर्यंत निम्मी वाटेत. पोर्टियसच्या सुपात पातं मातीखाली जातं आणि माती त्या वळलेल्या पत्र्यावर चढून आत बसते, मग घासतो तो लोखंडाचा तळ, माती नाही. ओढायला हलकं आणि सांडत नाही.

एक गोष्ट आवडली ती नोंदवून ठेवतो. हे काही एकट्या माणसाच्या डोक्यातून निघालेलं नाही. विल्यम डीड्रिक, फ्रँक ड्यूसी, अबायजा मॅकॉल हे त्याच भागातले लोक अशाच स्क्रेपरवर काम करत होते, पोर्टियसने त्यांच्या पेटंटचे हक्क विकत घेतले आणि सगळं एकत्र आणून फ्रेस्नो अॅग्रिकल्चरल वर्क्समध्ये हजारोंनी काढलं. एका गावात तीन-चार डोकी एकाच अडचणीला भिडली की काय होतं ते बघा.

१२ ऑक्टोबर, दसरा

ग्राइंडर, वेल्डिंग मशीन, ड्रिल, सगळ्यांना झेंडूची माळ. सूप कापायचा पत्राही पूजेत ठेवला, १८ गेज, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर. मूळचा पत्रा पाव इंचाच्या आसपास धरला तर मापात बसतो. काम काही नाही, आपट्याची पानं वाटत फिरलो.

२० ऑक्टोबर, रविवार

पोट रोलिंगवरून वळून आणलं आणि चुकलं.

मी सरळ अर्धगोल वळवला होता, पाइप उभा चिरावा तसा. दोन्ही बाजूला अडणी टॅक मारून बसवली, वाळूत हाताने ओढून बघितलं, तर अर्धगोल भांडं जसं डुलतं तसं हे डुलत होतं. पातं कधी मातीत, कधी हवेत. भरल्यावर तर एका रेषेवर सगळा भार येऊन तळ वाळूत रुतायला लागला. मग जुने फोटो पुन्हा मोठे करून बघितले. तळ बऱ्यापैकी सपाट आहे आणि मागच्या बाजूला वळण वर चढत पुढं येतं, सी अक्षरासारखं. सपाट तळ म्हणजे स्लेजची घसरपट्टी, मागचं वळण म्हणजे माती गुंडाळून घेणारी भिंत. दोन कामं आहेत आणि एकाच पत्र्याच्या दोन भागांना वाटून दिलीत, हे हातात धरल्याशिवाय मला कळलं नाही.

दुसरा पत्रा कापला. पुढचे ११० मिलिमीटर सरळ ठेवले, मग वळण. पातं ३ मिलिमीटरच्या पट्टीचं, धार एकाच बाजूने, आणि बोल्टवर बसवलं, वेल्ड नाही, कारण झिजतं ते पातंच, ते बदलता आलं पाहिजे. मुलगी पॉलिटेक्निकला आहे, तिने कॉम्प्युटरवर वळणाचा साचा काढून दिला आणि प्लायवर चिकटवून कापला, त्यावर पत्रा पडताळून घेतला. आता टेबलावर ठेवला तरी हलत नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

पहिली ओढ. अजून दांडा तात्पुरता, घसरपट्ट्या नाहीत, पुढं नुसती साखळी आणि स्प्रिंगचा काटा.

आधी किती जोर लावायचा ते ठरवावं लागलं. घोडा दिवसभर काम करताना आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या भागाइतक्या जोराने ओढतो असा जुना ठोकताळा आहे, थोड्या वेळापुरता त्याच्या कितीतरी पट लावू शकतो. पावणेसातशे किलोची चार घोडी धरली तर २७० किलोची सततची ओढ. सव्वाशेने भागलं की २.१६ किलो. म्हणजे माझ्या काट्यावर सव्वादोनच्या आसपास रमलं पाहिजे, आणि भरताना थोडा वेळ पाच-सहापर्यंत गेलं तरी चालेल.

शेडमागच्या काळ्या रानात ओढलं. काटा थेट नऊच्या वर, आणि पातं आत जायलाच तयार नाही, नुसती ढेकळं उपटतंय. मन खट्टू झालं, वाटलं वळण परत चुकलं. संध्याकाळी बसून विचार केला तेव्हा उलगडलं. काळी माती स्वतःला धरून ठेवते, चिकट आहे, ती तोडायला लागणारा जोर कापलेल्या क्षेत्रफळावर जातो, आणि मॉडेल लहान केलं की क्षेत्रफळ पंचविसाने कमी होतं पण वजन आणि घोड्यांचा जोर सव्वाशेने. म्हणजे माझ्या छोट्या स्क्रेपरला काळी माती मूळच्या पाचपट घट्ट लागत होती! वाळूला असा चिकटपणा जवळजवळ नसतो, तिथं सगळं वजनावर आणि घर्षणावर चालतं आणि ते सव्वाशेनेच घटतं. तेव्हा चाचणीला किंचित ओलसर वाळूच घ्यायची. आणि फ्रेस्नोची मूळ माती तरी काय होती, रेताडच.

दिवाळीच्या ऑर्डरी आहेत, आता दोन आठवडे हात लागणार नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

आजचं काम म्हणजे या सगळ्या प्रकल्पाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

साखळी कुठं जोडायची? बाजूच्या अडणीवर प्रत्येकी पाच भोकं पाडली, पात्याच्या धारेपासून ४० मिलिमीटर उंचीपासून १२० पर्यंत, वीस वीसच्या अंतराने, आणि एकेका भोकात पिन टाकून ओढून बघितलं. मागं दांडा, धारेपासून शेवटपर्यंत ४०० मिलिमीटर.

चाळीसच्या भोकाला सूप गुपचूप मागून येतं, मातीवरून घसरत राहतं. दांडा बराच उचलून धरला तरच पातं चावतं, आणि भरल्यावर पालथं घालायला हाताने सगळं वजन उचलावं लागतं. एकशेवीसच्या भोकाला उलटं, जरा ओढ लागली की नाक खाली आणि सूप कोलांटी मारून मोकळं, भरायच्या आधीच. ऐंशीला मात्र जमलं, आणि असं जमलं की मी चार वेळा तेच करत बसलो.

होतं असं की घोडी पुढं ओढतात ती ओढ वरच्या पिनेवर आणि माती मागं धरते ती खालच्या पात्यावर. या दोन जोरांची फिरकी कायम सूप पुढं पालथं घालायला बघत असते. तिला अडवून कोण धरतं? पोटातल्या मातीचं वजन, आणि दांड्यावर माणसाचा हात. भरताना दांडा थोडा वर, पातं चावतं. भरलं की दांडा खाली दाबला, पातं मातीतून सुटलं, आता नुसतं घसरत जायचं. टाकायच्या जागी आलं की दांडा परत वर उचलायचा, आणि इथं गंमत बघा, पूर्ण उचलावा लागतच नाही. पातं जमिनीला जरा धरलं की काट्यावरची ओढ एकदम वाढते, फिरकी मातीच्या वजनाला मागं टाकते आणि सूप आपोआप पालथं होतं. म्हणजे भरणं घोड्यांच्या जोरावर, नेणं घोड्यांच्या जोरावर आणि ओतणंही घोड्यांच्याच जोरावर! माणूस फक्त कधी ते ठरवतो. आबांच्या केणीत ओतायचा सगळा जोर आबांच्या मनगटाचा होता, आणि बोटं वळायची नाहीत ती त्यामुळं.

पालथं झाल्यावर ते पूर्ण आडवं पडत नाही, बाजूच्या घसरपट्ट्यांवर उभं राहतं आणि पातं जमिनीपासून ठरावीक उंचीवर लटकत पुढं जातं. त्या फटीतून माती पसरत जाते आणि पातंच वरून पाटा फिरवल्यासारखं सारखं करतं. फट किती ते आधी लावून ठेवता येतं. कालव्याच्या बांधाला थर देत देत भराव घालायचा असेल तर पसरायला वेगळा माणूस नको, आणि वरून चार घोड्यांचे सोळा खूर प्रत्येक खेपेला तो थर तुडवत जातात, ती दबाई वेगळीच.

मी घसरपट्ट्या १० बाय ५ च्या पट्टीच्या केल्या, वाकवून टोकाला वर उचलल्या.

१७ नोव्हेंबर, रविवार

मापं घेतली. ओलसर वाळू, आधी खुरप्याने मोकळी केलेली. दहा खेपा. भरलेली वाळू सरासरी ५.३ किलो, भरताना काटा पाचच्या आसपास, नेताना तीन ते साडेतीन. सततच्या सव्वादोनपेक्षा जास्तच येतंय, पण घोडी परत येताना रिकामीच येतात, अर्धा वेळ विसावाच की, तेव्हा हे मला चुकीचं वाटत नाही. पात्याची धार अजून बारीक केली तर भरतानाचा आकडा उतरेल.

न मोकळी केलेल्या वाळूत तीनच किलो भरलं आणि काटा साडेसहा. आधी नांगर का मारायचे ते यात आलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

मुद्दाम वाळूत दगड पुरून ओढलं. फ्रेस्नोबद्दल जिथं तिथं एक गोष्ट वाचायला मिळते की पातं दगडाला किंवा मुळीला अडकलं की दांडा उसळून मागच्या माणसाला लागायचा किंवा त्याला उचलून पुढं फेकायचा. ते कसं होत असेल ते मला आकड्यात बघायचं होतं.

दांड्याच्या टोकाला दुसरा काटा बांधला, खाली धरून. रिकामं सूप ओढत आणलं, पातं दगडाला धरलं, पुढचा काटा नऊला पोचला आणि दांड्याच्या टोकावर दीड किलोची उसळी आली. दीड किलो म्हणजे काही नाही असं वाटतं. सव्वाशेने गुणा. १८७ किलो! हाताने ओढलंय, घोड्याचा झटका तंतोतंत असाच नसणार हे मान्य, पण निम्मे धरले तरी नव्वद किलोच्या वर होतात, आणि दांड्यावर उभा माणूस सत्तर किलोचा. तो धरून ठेवूच शकत नाही. पोटात माती असली तर ती काही भार खाऊन टाकते, म्हणजे खरा धोका भरायला सुरुवात होते तेव्हाच, जेव्हा माणूस सगळा जोर काढून दांड्याला भिडलेला असतो.

हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. जुने फोटो आपण बघतो, धूळ, खेचरांच्या रांगा, मागं टोपीवाला माणूस, आणि छान वाटतं. त्या माणसाच्या हनुवटीखाली दिवसभर तो दांडा होता. एका खेपेत पंधरा-वीस घनफूट, दिवसात किती खेपा, आणि प्रत्येक खेपेला जमिनीखाली काय आहे ते त्याला दिसत नव्हतं.

आबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, केणी बाभळीच्या मुळीला अडकून त्यांच्या छातीत मूठ बसली होती, लग्नाआधी, आठ दिवस श्वास घेताना दुखायचं. इतक्या वर्षांत हे घरात कधी निघालं नव्हतं.

मॉडेलच्या शेजारी एक पाटी लावायची आणि हे त्यावर लिहायचं, हे नक्की केलं.

८ डिसेंबर, रविवार

सूप जवळजवळ झालं, म्हणून मधे दुसऱ्या बाजूकडे वळलो, माती वर उचलून गाडीत भरणं.

फ्रेस्नो हे करत नाही. ते जमिनीवरच राहतं, आणि लांबवर ओढत नेणं त्याला परवडत नाही. दोन-तीनशे फुटांपर्यंत ठीक. त्यापुढं चाकांचा स्क्रेपर, सूप दोन चाकांमध्ये टांगलेलं, भरताना पुढं जास्तीची एक जोडी जोडायची आणि भरलं की ती सोडून मागच्याला द्यायची. अंतर आणखी वाढलं की गाडीच पाहिजे, आणि गाडीत भरायचं म्हणजे फावडं. फावड्याने दीड घनयार्डाची गाडी, आपल्या हिशोबात चाळीस घनफूट, चार माणसं भरत बसली की तेवढा वेळ घोडी नुसती उभी. खाणारं जनावर उभं राहिलं की ठेकेदाराचं नुकसान.

यावर एक उपाय मला फार आवडला. लाकडी माच बांधायचा, दोन्ही बाजूंनी मातीचा चढ, मधोमध भोक. खाली गाडी लावायची, वरून स्क्रेपर ओढत न्यायचा आणि भोकावर पालथा करायचा, माती थेट गाडीत. उचलण्याचं काम घोड्यांनी चढ चढताना केलेलंच असतं. मशीन काही नाही, चार वासे आणि फळ्या.

आणि दुसरा उपाय म्हणजे एलिव्हेटिंग ग्रेडर. चार चाकांची लांब गाडी, बाजूला नांगराचं पातं, ते माती उलटून सरळ एका आडव्या पट्ट्यावर टाकतं, पट्टा तिरका वर चढतो आणि बाजूने चालणाऱ्या गाडीत माती ओततो. पट्टा फिरवायला ताकद कुठून? मागच्या चाकाकडून, दातेरी चाकं आणि साखळी लावून. शिकागोच्या एफ. सी. ऑस्टिन कंपनीचा न्यू एरा आणि इलिनॉयमधल्या ऑरोराच्या वेस्टर्न व्हील्ड स्क्रेपर कंपनीचे ग्रेडर हे नावाजलेले. बारा ते सोळा जनावरं लागायची, आठ पुढं आणि चार मागून ढकलायला, हो, ढकलायला, मागं दांडी जोडून. दहा तासांच्या दिवसाला हजार घनयार्डांचा दावा असायचा. हजार घनयार्ड म्हणजे २७० ब्रास. आज आपल्याकडे ट्रॉलीत एक ब्रास मुरूम येतो, तेव्हा २७० ट्रॉल्या डोळ्यासमोर आणा. घोड्यांवर!

वाफेवरचं खोदयंत्र विल्यम ओटिसने १८३९ लाच पेटंट केलं होतं, म्हणजे फ्रेस्नोच्या चव्वेचाळीस वर्षं आधी. तरी घोडी टिकली. वाफेचं यंत्र महाग, त्याला रूळ पाहिजेत, कोळसा पाहिजे, पाणी पाहिजे. शेतकऱ्याकडे घोडी आधीपासून दावणीला होती आणि स्क्रेपर गावातल्या लोहाराला दुरुस्त करता येत होता.

१५ डिसेंबर, रविवार

पट्ट्याचा नुसता नमुना केला, पातं नाही. जुन्या सायकलची चेन, दोन फ्रीव्हील, कॅनव्हासचा पट्टा, मागं आठ इंची लोखंडी चाक.

रिकामा पट्टा छान फिरतो. वर दोन मुठी वाळू टाकली की चाक फिरायचं थांबतं आणि घसरत जातं. चाकाला अँगलचे तुकडे वेल्ड करून दाते केले, थोडं सुधारलं. वर चार किलोची वीट ठेवली तेव्हा कुठं चाललं. चाकाची पकड त्याच्यावरच्या भारावर, आणि भार वाढवला की ओढायला जड, म्हणून जनावरं वाढवा, असं ते चक्र आहे. सोळा जनावरं का लागत होती ते एका विटेने सांगितलं. मिनेसोटात रसेल आणि स्टॉकलंड या दोघांनी १९०३ ला धंदा सुरू केला तेव्हा त्यांनी हीच गाठ सोडवली. ग्रेडर ओढायला घोडीच ठेवली, पण पट्टा फिरवायला वर पेट्रोलचं इंजिन बसवलं. ओढ वेगळी आणि उचल वेगळी. त्यांची कंपनी पुढं १९२८ ला कॅटरपिलरने विकत घेतली, आणि आज रस्त्याच्या कामावर पिवळा ग्रेडर दिसतो त्याच्या घराण्यात हे दोघं बसतात.

हा नमुना इथंच थांबवतो. पूर्ण ग्रेडर हा वेगळा प्रकल्प आहे, वर्षभराचा.

२९ डिसेंबर, रविवार

आबा शेडवर आले. वाळूचा दहा फूट लांब पट्टा आखून ठेवला होता, मधे एक खळगा, तो भरून पातळीत आणायचा. पुढून मुलगी साखळी ओढणार, मागं दांडा आबांकडे.

मी काही सांगायच्या आत त्यांनी दांड्याला दोन बोटं लावली, वर केला, सोडला, परत वर केला. पहिली खेप रिकामीच गेली. दुसऱ्या खेपेला पातं चावलं, आबांनी हलकेच दाबलं, सूप भरून घसरत निघालं आणि खळग्यावर आल्यावर त्यांनी दांडा जरासा उचलला, सूप फाटकन पालथं झालं आणि वाळू पसरत गेली. ते तसेच बघत उभे. मग म्हणाले, "मी नाही ओतलं हे. ह्यानं आपलं आपण ओतलं." दोन महिने मी जे कागदावर लिहितोय ते त्यांनी एका खेपेत सांगितलं.

पुढच्या बारा खेपा त्यांनी केल्या, मला हात लावू दिला नाही. सहाव्या खेपेनंतर फट कमी करायला लावली, म्हणाले थर जाड पडतोय, वरून पाणी सोडलं तर एका बाजूला साठेल. मी घसरपट्टीखालची पिन एक भोक खाली घेतली. खळगा भरल्यावर लेव्हल ट्यूब लावून बघितली, दहा फुटात चार मिलिमीटरचा फरक.

एक त्रुटी त्यांनीच दाखवली. सूप पालथं झालं की दांडा पुढं जाऊन पडतो आणि परत ओढून आणायला वाकावं लागतं. मूळच्या फ्रेस्नोला यासाठी दांड्याच्या टोकाला दोरी असायची, मागून चालता चालता ओढली की सूप परत बसतं. मी ती मॉडेलला दिखाव्याची वस्तू समजून लावलीच नव्हती. आबांनी खिशातून सुतळी काढली, कासऱ्याला मारतात तशी गाठ मारली आणि टोकाला बोटात अडकवायला फासा ठेवला. चालते.

राहिलेलं काम: पात्याची धार बारीक करणे, सुतळीच्या जागी मापातली दोरी, पण गाठ आबांचीच ठेवायची. धोक्याची पाटी. आणि आबा जाताना म्हणाले दांडा त्यांच्या हाताला आखूड पडतो, दोन इंच वाढव. वाढवला तर तो मूळच्या मापापेक्षा लांब होतो. वाढवतोय.